पहिला गोल्फ सेट: सातच क्लब, पण मापाचे

गोल्फच्या नियमांनुसार एका फेरीत पिशवीत जास्तीत जास्त 14 क्लब (चेंडू मारायच्या काठ्या) ठेवता येतात. ही कमाल मर्यादा आहे, तेवढे ठेवलेच पाहिजेत असं कुठेही म्हटलेलं नाही. तरीही नवशिक्या दुकानात शिरला की चौदाचाच सेट घेऊन बाहेर पडतो आणि त्यातले निम्मे क्लब वर्षभर कव्हरसुद्धा न काढता पडून राहतात. सुरुवातीला सात क्लब पुरतात. ते तुमच्या उंचीचे, तुमच्या ताकदीचे आणि तुमच्या हाताच्या पकडीचे असले पाहिजेत. ब्रँडचा विचार त्यानंतर.

ठाणे-नवी मुंबईकरांना कमी क्लब घ्यायला आणखी एक कारण आहे. सात क्लब, हलकी स्टँड बॅग, चेंडू आणि पाणी मिळून साधारण सहा-सात किलो होतात. ते खांद्याला लावून ठाणे-पनवेल लोकलने खारघरला उतरता येतं. सकाळी लवकर निघालात तर कुणाला धक्काही लागत नाही. चौदा क्लबांची मोठी कार्ट बॅग बारा किलोच्या पुढे जाते. गाडी नसेल तर तिला न्यायचं कसं आणि वन बीएचकेमध्ये ठेवायचं कुठे, हे दोन्ही प्रश्न उभे राहतात. सिडकोच्या खारघर व्हॅली कोर्सवर डोंगराच्या कुशीत चढउतार करत चालायचं असतं. एप्रिलच्या उन्हात पिशवीतला प्रत्येक जादा क्लब खांद्याला जाणवतो.

आधी काही विकत घेऊ नका

पहिले सहा-आठ धडे प्रोकडचे (शिकवणाऱ्याकडचे) किंवा रेंजवरचे (सरावाच्या मैदानावरचे) क्लब वापरून घ्या. तुमचा स्विंग (क्लब फिरवण्याची पद्धत) या काळात दर आठवड्याला बदलत असतो. पहिल्या दिवशीच्या स्विंगवर शाफ्ट (क्लबचा दांडा) निवडला तर तो तिसऱ्या महिन्यात चुकीचा ठरतो. प्रोने फक्त 7-आयर्न (धातूच्या पातळ डोक्याचा क्लब) हातात दिला तर नाराज होऊ नका. तो क्लब लांबीलाही मधला आणि लॉफ्टलाही (तोंडाच्या मागे कललेल्या कोनालाही) मधला असतो, म्हणून शिकणं त्याच्यावरच होतं. सरावातले निम्म्याहून जास्त चेंडू हवेत सरळ जाऊ लागले की मापं घ्यायला हरकत नाही.

पायरी पहिली: लांबी

फक्त उंची सांगून भागत नाही. दोघांची उंची पाच फूट सहा इंच असली तरी हातांच्या लांबीत फरक असतो. खेळायचे बूट घाला, कडक फरशीवर ताठ उभे राहा, हात सैल सोडा. मनगटावरच्या घडीपासून जमिनीपर्यंतचं अंतर दुसऱ्या कुणाला तरी टेपने मोजायला सांगा. स्वतः मोजायला वाकलात की खांदा खाली येतो आणि माप चुकतं. हे अंतर 34 ते 37 इंच असेल तर पुरुषांची स्टँडर्ड लांबी चालते, म्हणजे 7-आयर्न सुमारे 37 इंचांचा. त्याहून कमी आलं तर पाव ते अर्धा इंच आखूड, जास्त आलं तर तेवढाच लांब.

महिलांचे क्लब साधारण एक इंच आखूड, वजनाला हलके आणि शाफ्टला लवचीक असतात. पण पाच फूट आठ इंच उंचीच्या, बॅडमिंटन किंवा टेनिस खेळलेल्या बाईने केवळ लेबल पाहून लेडीज सेट घेऊ नये. तिला पुरुषांचा सीनियर शाफ्ट जास्त जमतो. आणि पाच फूट तीन इंचांच्या पुरुषाने स्टँडर्ड लांबीचा क्लब खाली धरून वर्षानुवर्षं ओढाताण करण्यातही अर्थ नाही.

दुकानदार म्हणतो, “लांब आहे? कापून देतो.” अर्धा इंच चालून जातो. त्यापेक्षा जास्त कापला की क्लबचा तोल बदलतो, कारण दर अर्ध्या इंचामागे स्विंगवेट (फिरवताना जाणवणारं डोक्याचं वजन) सुमारे तीन पॉइंटने उतरतं. हातात क्लबचं डोकं जाणवेनासं होतं आणि शाफ्टही थोडा ताठ होतो. मुलांसाठी मोठ्यांचा जुना क्लब कापून देणं तर अजिबात नको. तो कापल्यावरही जडच राहतो आणि मूल तो उचलण्यासाठी पाठ वाकवायला शिकतं. ती सवय पुढे सुटता सुटत नाही. मुलांचे सेट उंचीनुसार मिळतात, तेच घ्या.

पायरी दुसरी: शाफ्ट

नवशिक्याचे सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. क्लबचं डोकं चकाकतं म्हणून सगळ्यांची नजर तिकडे जाते. चेंडू कुठे जाणार हे मात्र बऱ्याच अंशी शाफ्टच्या लवचीकतेवर आणि वजनावर ठरतं.

शाफ्टवर एक अक्षर छापलेलं असतं. L म्हणजे लेडीज, A म्हणजे सीनियर, R म्हणजे रेग्युलर, S म्हणजे स्टिफ, X म्हणजे एक्स्ट्रा स्टिफ. स्विंगचा वेग मोजायचं यंत्र उपलब्ध असेल तर उत्तम. ड्रायव्हरचा (सगळ्यात लांब फटक्याच्या क्लबचा) वेग तासाला 75 ते 85 मैल असेल तर A, 85 ते 95 असेल तर R आणि 95 ते 105 असेल तर S, असा ढोबळ हिशोब धरा. यंत्र नसेल तर 7-आयर्नने दहा चेंडू मारा. सगळ्यात लांबचे दोन आणि सगळ्यात आखूड दोन सोडा, उरलेले सहा हवेतून कुठे पडले ते पाहा. 120 यार्डांच्या आत पडत असतील तर A, 120 ते 150 मध्ये R, त्यापुढे S. रेंजवरचे चेंडू खेळाच्या चेंडूंपेक्षा कमी जातात, म्हणून अगदी सीमेवर असाल तर थोडी मोकळीक ठेवा.

एका कंपनीचा R हा दुसऱ्या कंपनीच्या S इतका ताठ असू शकतो, कारण या अक्षरांना सगळ्यांनी मान्य केलेलं एकच माप नाही. त्यामुळे अक्षर वाचून थांबू नका, चेंडू मारून पाहा. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा शाफ्ट गरजेपेक्षा ताठ असेल तर चेंडू खालून जातो, उजवीकडे सरकतो आणि हाताला झटका बसतो. फार लवचीक असेल तर चेंडू उंच उडतो, डावीकडे वळतो आणि प्रत्येक वेळी वेगळ्या जागी पडतो. तरुण मुलगे “स्टिफच हवा” म्हणतात, कारण रेग्युलर कमीपणाचा वाटतो. ऑफिसात दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या बहुतेक प्रौढांसाठी R पुरेसा असतो आणि पंचावन्नच्या पुढे बऱ्याच जणांना A अधिक सुखाचा जातो.

स्टील की ग्रॅफाइट? आयर्नचा स्टील शाफ्ट साधारण 95 ते 130 ग्रॅमचा असतो, ग्रॅफाइटचा 50 ते 80 ग्रॅमच्या आसपास. कोपर किंवा मनगट दुखत असेल, वय जास्त असेल किंवा वेग कमी असेल तर ग्रॅफाइट घ्या. पंचविशी-तिशीत, अंगात ताकद असेल तर स्टीलमध्ये डोकं कुठे आहे ते नीट कळतं आणि किंमतही कमी पडते. ड्रायव्हर, वुड (लांब पल्ल्याचा, मोठ्या डोक्याचा क्लब) आणि हायब्रिडला (वुड आणि आयर्न यांच्यामधला क्लब) मात्र ग्रॅफाइटच.

पायरी तिसरी: ग्रिप

डाव्या हाताने क्लब नेहमीसारखा धरा, डावखुरे असाल तर उजव्या. मधलं बोट आणि अनामिका यांची टोकं अंगठ्याखालच्या उंचवट्याला जेमतेम टेकली पाहिजेत. टोकं तळहातात रुतत असतील तर ग्रिप बारीक आहे. मग मनगटं जास्त फिरतात आणि चेंडू डावीकडे खेचला जातो. टोकांत आणि तळव्यात फट राहत असेल तर ग्रिप जाड आहे आणि मनगटं वेळेवर फिरत नाहीत. ग्रिप बदलणं हे क्लबच्या दुरुस्तीतलं सगळ्यात स्वस्त काम. म्हणून जुना क्लब बाकी सगळ्या बाबतींत बसत असेल तर केवळ गुळगुळीत ग्रिपमुळे तो नाकारू नका.

सात क्लब कोणते

5-वुड, लॉफ्ट 18 अंश. 5-हायब्रिड, 24 अंशांच्या आसपास. 7-आयर्न, 9-आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज (दोन्ही जवळच्या उंच फटक्यांसाठी) आणि पटर (चेंडू होलमध्ये घरंगळवण्यासाठी). या यादीत ड्रायव्हर नाही, आणि तो मुद्दाम वगळला आहे.

पार-72 च्या (72 फटक्यांत संपवायच्या) नेहमीच्या कोर्सवर चार आखूड होल पार-3 चे असतात, म्हणजे ड्रायव्हर फार तर चौदा वेळा लागणार. पट (पटरचे फटके) मात्र प्रत्येक होलला दोन धरले तरी अठरा होलांत 36 होतात आणि नवशिक्याला त्याहून जास्तच लागतात. शिवाय ड्रायव्हर सगळ्यात लांब, सुमारे 45 इंचांचा, आणि त्याचा लॉफ्ट सगळ्यात कमी. स्विंगमधली प्रत्येक चूक तो मोठी करून दाखवतो. 5-वुड दोन-तीन इंच आखूड असतो आणि त्याचा लॉफ्ट जास्त असतो. त्याने टी-शॉट (होलचा पहिला फटका) मारला तर वीस यार्ड कमी जाईल, पण चेंडू सापडेल.

3-आयर्न, 4-आयर्न कुणी फुकट दिले तरी पिशवीत ठेवू नका. चेंडू उचलायला त्यांना जो वेग लागतो तो सुरुवातीला नसतो. त्यांचं काम हायब्रिड करतो, कारण त्याच्या रुंद तळामुळे वजन खाली आणि मागे असतं आणि चेंडू सहज वर येतो.

आयर्न कॅव्हिटी-बॅकच घ्या. मागून पोकळ आणि कडेने जाड असलेल्या या डोक्यात वजन कडेला वाटलेलं असतं. त्यामुळे चेंडू मधोमध बसला नाही तरी डोकं कमी फिरतं. पातळ, सुबक ब्लेड (सपाट पाठीचा आयर्न) हातात घ्यायला मोह होतो, पण त्याने चुकलेला फटका तिथेच आखूड पडतो. आपल्या हवेसाठी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. फोर्ज केलेले (ठोकून घडवलेले) आयर्न बहुधा मऊ कार्बन स्टीलचे असतात आणि वरचा क्रोमचा थर झिजला की गंजतात. खाडीकाठच्या दमट हवेत कास्ट केलेलं (साच्यात ओतलेलं) स्टेनलेस डोकं जास्त टिकतं.

लॉफ्टचे आकडे बघायला विसरू नका. पूर्वी 7-आयर्न 34-35 अंशांचा असे. आता बरेचसे 28 ते 30 अंशांचे येतात आणि त्यांच्या सेटमधला पिचिंग वेज 43 अंशांवर जातो. त्याच्या जोडीला 56 अंशांचा सँड वेज घेतलात तर मध्ये 13 अंशांची पोकळी राहते. सत्तर-ऐंशी यार्डांवर कुठलाच क्लब बसत नाही आणि प्रत्येक वेळी अर्धा स्विंग करावा लागतो. तो नवशिक्याला साधत नाही. पिचिंग वेज 43-44 चा असेल तर सँड वेज 54 चा घ्या, पुढे मध्ये 48-49 चा गॅप वेज घालता येतो. पिचिंग वेज 46 चा असेल तर 56 चालेल.

सँड वेजवर बाउन्सचाही आकडा असतो, म्हणजे तळ जमिनीशी करतो तो कोन. पावसाळ्यात माती मऊ असते, तेव्हा 12-14 चा बाउन्स रुतत नाही. एप्रिल-मेमध्ये मुरमाड जमीन तापून टणक झाली की तोच क्लब आपटून उसळतो आणि चेंडूच्या पोटात पात्याची धार बसते. दोन्ही ऋतूंत एकच वेज वापरायचा असेल तर 8 ते 10 घ्या.

पटर निवडताना सावकाश जा

लांबी 33 ते 35 इंच. चेंडूवर पवित्रा घ्या, नाकाच्या मुळाशी दुसरा चेंडू धरा आणि सोडा. तो खालच्या चेंडूवर किंवा त्याच्या किंचित आतल्या बाजूला पडला तर लांबी बरोबर. फार आत, म्हणजे पायांकडे पडला तर पटर बहुतेक लांब आहे. नंतर पटरचा शाफ्ट डोक्याजवळ एका बोटावर आडवा तोलून धरा. पटरचं तोंड (चेंडूला लागणारी बाजू) आकाशाकडे राहिलं तर तो फेस-बॅलन्स्ड आहे. मागे-पुढे सरळ रेषेत मारणाऱ्यांना तो बसतो. टोक जमिनीकडे झुकलं तर तो थोड्या कमानीत मारणाऱ्यांसाठी. तुमचा हात कसा चालतो हे पाहायला घरातल्या फरशीची सांधरेघ पुरते. पटर तिच्यावर ठेवून हलवा आणि मागे नेताना तो रेघेवर राहतो की आत वळतो ते बघा. जुनाट दिसणारा पण या दोन्ही कसोट्यांना उतरणारा पटर दहा वर्षं साथ देतो.

बजेट

₹15,000 च्या आसपास असतील तर सगळे क्लब वापरलेले घ्या किंवा डेकॅथलॉनच्या इनेसिससारख्या स्वस्त मालिकेतून एकेक सुटा क्लब जमवा. क्रम असा ठेवा: 7-आयर्न, पटर, सँड वेज, हायब्रिड, मग बाकीचे. ₹35,000 असतील तर चांगल्या स्थितीतला वापरलेला आयर्न सेट शोधा, पटर वेगळा निवडा आणि निदान ₹8,000 ते 10,000 शिकण्यासाठी राखून ठेवा. लाखभर हाताशी असले तरी पहिल्या वर्षी सगळे खर्च करू नका. वर्षाने तुमचा स्विंग स्थिरावेल, तेव्हा यंत्रावर मोजून फिटिंग करून घ्या. तो पैसा तेव्हा खरा कामी येतो.

पुढे ड्रायव्हर घ्याल तेव्हा तो जुना घ्यायला बिचकू नका. डोक्याचा आकार जास्तीत जास्त 460 घन सेंटिमीटर हे बंधन 2004 पासून आहे आणि तोंडाच्या उसळीवरही मर्यादा आहे. त्यामुळे सात-आठ वर्षांपूर्वीच्या आणि आजच्या ड्रायव्हरमध्ये नवशिक्याला जाणवेल असा फरक थोडाच असतो, किमतीतला फरक मात्र प्रचंड. लॉफ्ट 10.5 ते 12 अंश पाहा. 9 अंशांचा ड्रायव्हर कमी वेगाला चेंडू हवेत ठेवू शकत नाही, आणि कमी लॉफ्टवर चेंडू बाजूला वळण्याचं प्रमाणही वाढतं.

वापरलेला क्लब तपासताना

उजेडात जा. दिवाणखान्याच्या ट्यूबलाइटखाली बारीक तडे दिसत नाहीत.

डोकं एका हाताने आणि शाफ्ट दुसऱ्या हाताने धरून पिळा. जरासुद्धा हललं तर चिकटवलेलं इपॉक्सी सुटलंय. डोकं आणि शाफ्ट यांच्यामधली काळी प्लॅस्टिकची कडी वर सरकून फट पडली असेल तर डोकं कधीतरी सैल झालं असण्याची शक्यता आहे. ड्रायव्हर कानाजवळ हलवा. आत खुळखुळ ऐकू आली तर बहुधा सुटलेला गोंद आहे. तो धोक्याचा नाही, पण भाव कमी करून मागा. ग्रॅफाइट शाफ्ट पिशवीच्या कडेला जिथे घासतो, तिथे नख फिरवा. रंग गेलेला चालतो, धागे हाताला लागले तर क्लब परत करा, कारण असा शाफ्ट जोराच्या फटक्यात तुटतो. स्टीलच्या शाफ्टवर गंजाचे खड्डे असतील तर तोही नको. वरवरचा डाग असेल तर बारीक स्टील वूलने निघतो. वेजच्या खाचांत नखाचं टोक अडकलं पाहिजे. गुळगुळीत झालेला वेज चेंडू ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) थांबवत नाही.

नकली माल ऑनलाइन भरपूर फिरतो आणि फार स्वस्त, सीलबंद, पूर्ण सेट हा त्याचा नेहमीचा अवतार. सोबत फ्रिजवरचं लोहचुंबक न्या. टायटॅनियमच्या तोंडाला ते चिकटत नाही. टायटॅनियम म्हणून विकलेल्या ड्रायव्हरच्या तोंडाला चिकटलं तर तो स्टीलचा आहे. तळाला लावून पाहू नका, तिथे बसवलेली वजनं स्टीलचीही असतात. नामांकित कंपन्यांच्या बऱ्याच क्लबांवर होझेलपाशी (डोक्यात शाफ्ट बसतो त्या जागी) कोरलेला क्रमांक असतो. तो खोडलेला असेल तर व्यवहार करू नका. लॉफ्ट बदलता येणारा ड्रायव्हर असेल तर त्याची चावी मागून घ्या, आणि एका कंपनीचा शाफ्ट दुसरीच्या डोक्यात थेट बसत नाही हेही ध्यानात असू द्या.

घेतल्यावर पहिल्या पंधरवड्यात

आयर्नच्या तळाला मास्किंग टेप लावा आणि रबरी मॅटवर किंवा पातळ फळीवर काही हलके फटके मारा. घासल्याची खूण तळाच्या मध्यावर यायला हवी. टोकाकडे (शाफ्टपासून लांबच्या बाजूला) आली तर क्लबचा लाय (शाफ्ट जमिनीशी करतो तो कोन) सपाट आहे आणि चेंडू उजवीकडे जातो. टाचेकडे (शाफ्टच्या बाजूला) आली तर लाय उभा आहे, चेंडू डावीकडे जातो. यंत्रावर एक-दोन अंश वाकवून हे दुरुस्त होतं. फोर्ज केलेलं डोकं सहज वाकतं. कास्ट केलेलं वाकवताना मोडूही शकतं, म्हणून हे काम जाणत्या माणसाकडेच द्या.

घरात पूर्ण स्विंग नको. छत, पंखा आणि शेजारी, तिघांनाही ते सोसत नाही. पटिंग मात्र रोज करा.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत प्रत्येक फेरीनंतर ग्रिप ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्या. कातडी हातमोजा पिशवीत चुरगाळून ठेवला तर दोन दिवसांत बुरशी धरतो. तो सपाट पसरून पंख्याखाली वाळवा. पिशवी गॅलरीत किंवा बंद गाडीच्या डिकीत ठेवू नका. डिकीच्या उन्हात गोंद मऊ होतो आणि गॅलरीच्या दमटपणात स्टील गंजतं.

आठवड्यातून दोनदा खेळत असाल तर ग्रिप वर्षातून एकदा बदला. घरी करायचं असेल तर जुनी ग्रिप आकडीच्या पात्याने, हात पुढे ढकलत कापा. स्वतःकडे ओढत कापू नका, आणि ग्रॅफाइटवर सरळ पातं अजिबात नको. जुना टेप पूर्ण काढा. नवा दुहेरी टेप शाफ्टच्या टोकाबाहेर अर्धा इंच ठेवून आत दुमडा. ग्रिपच्या टोकाचं भोक बोटाने बंद करून आत ग्रिप सॉल्व्हंट ओता, ते टेपवर सढळ हाताने पसरवा आणि ग्रिप एका दमात शेवटपर्यंत ढकला. सॉल्व्हंट कमी पडलं की ग्रिप अर्ध्यावर चिकटते आणि मग कापूनच काढावी लागते. रेषा जुळवायला जेमतेम अर्धा मिनिट मिळतं. सॉल्व्हंट पेट घेणारं असतं, म्हणून खिडक्या उघड्या ठेवा आणि स्वयंपाकघरापासून लांब बसा. उन्हाळ्यात चोवीस तास सुकू द्या, जुलैत दोन दिवस.